वरच्या झरीला वाली कोण?

प्रति,
सचिव, जलस्रोत खाते,
सचिव, कृषी खाते,
सचिव, वन खाते,
गोवा सरकार, पर्वरी.

सन्माननीय महोदय,

तिघांना मिळून एकच पत्र लिहितो आहे. तीन वेगळी लिहिली असती तर तिन्हीकडून एकच उत्तर आले असते, की विषय आमच्या अखत्यारीतला नाही. आणि कागदावर बघितले तर ते उत्तर चुकीचेही ठरले नसते. झर उगवते वन खात्याच्या रानात, वाहते जलस्रोत खात्याच्या व्हाळात आणि संपते कृषी खात्याच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागायतीत. तिचे पाणी कमी झाले तर जाब कुणाला विचारायचा, हे आम्हांला आजवर कुणी सांगितलेले नाही.

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे, काणकोण या तालुक्यांत घाटाच्या पायथ्याशी आणि उतारावर जी कुळागरे आहेत त्यांच्यापैकी बहुतेकांना धरणाचे पाणी मिळत नाही. अंजुणे काय, साळावली काय, कालवे उताराने खाली जातात आणि आम्ही राहतो त्यांच्या वरच्या अंगाला. आमची पोफळ, माड, केळ, मिरवेल, जायफळ, खालचे अळू, सुरण, हळद, सगळे झरीवर. पावसाळा सरला की व्हाळाला दगडमातीचा बांध घालायचा, पाट काढून पाणी कुळागराच्या माथ्यावर आणायचे. तिथून ते आळ्याआळ्यांतून उतरत खालच्याच्या कुळागरात जाते आणि उरलेसुरले वायंगणच्या, म्हणजे उन्हाळी, भातात. पंप नाही, वीज नाही, बिल नाही. झर मेअखेरपर्यंत टिकते या एका भरवशावर हे सगळे चालले होते. आता कित्येक ठिकाणी ती मार्चमध्येच धाप टाकते. पाळीचे पाणी चौथ्या दिवसाऐवजी आठव्या दिवशी येते आणि पोफळीची शेंड्याकडची झावळे पिवळी पडतात.

पाऊस कमी झाला, असे मात्र कुणी म्हणू नये. २०२४ च्या पावसाळ्यात वाळपईच्या केंद्रावर २०० इंचांच्या वर पाऊस मोजला गेला, म्हणजे पाच हजार मिलिमीटरहून जास्त. तेवढा पाऊस पडणाऱ्या तालुक्यात उन्हाळ्यात वाड्यांवर टँकर फिरतो. बाहेरच्या माणसाला हे सांगितले तर तो हसतो. आम्हांला हसू येत नाही, कारण पाऊस पडणे वेगळे आणि तो डोंगरात मुरणे वेगळे, हे आम्ही दर वर्षी बघतो. चार महिने रिपरिप पडणारे पाणी जमिनीत उतरते. तेच पाणी चार दिवसांत कोसळले तर व्हाळाने नदीला, नदीने मांडवीला आणि मांडवीने समुद्राला, असे दोन दिवसांत निघून जाते. वाटेत आमचे बांध आणि काठची माती घेऊन जाते ती वेगळीच.

गेल्या काही वर्षांचा नुसता क्रम लावून पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ चक्रीवादळ आले तेव्हा कापणीचे भात आडवे होते. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने माड-पोफळी मोडल्या. त्याच वर्षी जुलैत म्हादईला असा पूर आला की पैकुळचा पूल गेला, आणि सत्तरीच्या डोंगरांवर दरडी कोसळल्या. मार्च २०२३ मध्ये उन्हाचा तडाखा एवढा, की शाळा दुपारी बाराच्या आत सोडाव्या लागल्या, आणि त्याच दिवसांत म्हादई अभयारण्य पेटले होते. हेलिकॉप्टरने पाणी ओतायची वेळ आली. त्या वर्षी ‘बिपरजॉय’ वादळामुळे मोसमी पाऊस लांबला आणि पुढचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ मध्ये नेमके उलटे. जूनच्या पहिल्या आठवड्यात यायचा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच हजर. भिरंडाची (कोकमाची) सोले अंगणात वाळत होती, सुपारी खळ्यात होती, पावसाळ्याचे सरपण अजून रानात होते. कुळागरवाल्याच्या घरात मेचे शेवटचे पंधरा दिवस काय असतात हे ज्याला माहीत आहे त्याला यातले नुकसान वेगळे समजावून सांगायला नको.

यातले कुठलेही एक साल वाईट म्हणून सोडून देता आले असते. वाईट साले पूर्वीही यायची. पण आता पुढचे वर्ष कोणत्या बाजूने येणार हेच कळत नाही, आणि कुळागर हे काही भातासारखे वर्षाचे पीक नव्हे. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सहा वर्षे जातात आणि पुढे ती चाळीस-पन्नास वर्षे उभी राहते. आज लावलेले रोप २०६५ साली मे महिन्यात तहानलेले असणार की नाही, हा प्रश्न आम्हांला आज सोडवायचा आहे. भाताचे बियाणे बदलता येते. उतारावरच्या पोफळीला दुसरे गाव देता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. सरकार शेतकऱ्याला पाण्यासाठी मदत करत नाही, असे मी म्हणणार नाही. विहिरीला अनुदान आहे, पंपाला आहे, पाइपला आहे, ठिबकला आहे, तुषारला आहे. खाली नदीवर वसंत बंधारे, म्हणजे फळ्या घालून पाणी अडवायचे बंधारे, बांधले आहेत आणि त्यांचा उपयोग झालेला मी पाहिला आहे. पण हे सगळे पैसे पाणी जिथे वापरले जाते तिथे पडतात. पाणी जिथे तयार होते तिथे एक रुपया पडत नाही. झरीच्या वरची टेकडी, तिच्यावरचा सडा म्हणजे जांभ्याचे पठार, सड्याच्या कडेची राई, उतारावरचा पालापाचोळा यांना सिंचनाच्या हिशेबात जागाच नाही. आटत चाललेल्या झरीवर आपण दर वर्षी अधिक चांगल्या प्रतीचा पाइप बसवतो आहोत.

थोडा हिशेब मांडतो. तिन्ही खात्यांत अभियंते आणि कृषी पदवीधर आहेत, त्यांनी तो तपासावा. पोफळीला आळ्यात पाणी द्यायचे तर उन्हाळ्यात एका झाडाला एका वेळी साधारण १७५ लिटर, दर चार दिवसांनी. हेक्टरी १,३०० झाडे धरली तर दिवसाला सुमारे ५७ हजार लिटर लागतात. ठिबकने तेच झाड रोजच्या २० लिटरांत भागते, म्हणजे हेक्टरी २६ हजार लिटर. याची मिनिटाची वाटणी केली की पाटाने हेक्टरभर पोफळ जगवायला मिनिटाला ४० लिटरांची झर हवी, ठिबकने १८ लिटरांची. अठरा लिटर म्हणजे मिनिटाला एक मोठी बादली. एप्रिलअखेर कुठल्या झरीखाली बादली किती वेळात भरते हे ठाऊक असेल, तर त्या झरीवर किती बागायत जगेल, किती नवी लावावी, कुठे थांबावे हे वहीच्या अर्ध्या पानावर लिहून होईल. आमच्या झरीची अशी नोंद कुठल्याही सरकारी कागदावर मी आजवर पाहिलेली नाही.

म्हादईच्या तंट्यात मात्र आकड्यांना तोटा नाही. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. हे आकडे गोव्यातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत, आणि असावेत. कर्नाटकाने कळसा-भांडुरा या म्हादईला मिळणाऱ्या नाल्यांचे पाणी वळवले तर आमचेच मरण आहे, तेव्हा त्या लढ्याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण एक टीएमसी म्हणजे २,८०० कोटींहून जास्त लिटर, आणि नदीत येणारे उन्हाळ्यातले पाणी शेवटी शेकडो झरींतून मिनिटाला दहा-वीस लिटर असे गोळा होऊनच येते. सुर्ला, रगाडो, कोत्राची, वाळवंटी या सगळ्या उपनद्यांचे उन्हाळी पाणी म्हणजे झरींचे पाणी. न्यायालयात टीएमसी मागणाऱ्या राज्याने स्वतःच्या झरींचे लिटर मोजू नयेत, हे मला पटत नाही.

ठिबकविषयी दोन शब्द जास्त लिहावे लागतील, कारण हवामान बदलावर उपाय म्हटले की प्रत्येक सभेत ठिबकचेच नाव निघते. उतारावर ठिबक चांगले चालते. टाकी दहा मीटर वर असली की एक किलोचा दाब फुकट मिळतो, पंपाची गरज नाही. पालापाचोळा आणि लोहाच्या तांबड्या साक्याने नळ्यांची भोके बुजतात, तेव्हा गाळणी चांगली हवी आणि ती आठवड्याला धुणारा माणूस हवा. इथवर ठीक. पण पाटाचे पाणी ‘वाया’ जाते असे जे शिबिरांत सांगतात ते अर्धेच खरे आहे. माझ्या आळ्यांतून झिरपलेले पाणी खालच्याच्या कुळागरात उतरते, त्याच्या आळ्यांतून निसटलेले व्हाळात, व्हाळातले वायंगणात आणि गुरांच्या पाणवठ्यावर. वरच्याने ठिबक घातले आणि वाचलेल्या पाण्यावर उतारावर आणखी दोनशे पोफळी लावल्या, तर अनुदानाच्या फायलीत पाण्याची बचत दिसेल आणि खालच्याच्या वाट्याला कोरडा पाट येईल. असे व्हायला सुरुवात झाली आहे. म्हणून ठिबकचे अनुदान एकेका शेतकऱ्याला न देता पूर्ण पाटाला द्या. त्या पाटावर ज्यांची पाळी आहे त्या सगळ्यांनी मिळून अर्ज करावा, आणि वाचलेले पाणी व्हाळात सोडण्याची अट त्यात असावी. पाळीचा हिशेब गावाला अजून येतो. तो शिकवायला तज्ज्ञ पाठवायची गरज नाही.

बंधाऱ्यांचेही तसेच. फळ्या कधी घालायच्या आणि कधी काढायच्या हे पाऊस बघून ठरवायला हवे. पाऊस नोव्हेंबरात रेंगाळला आणि फळ्या आधीच घातलेल्या असल्या तर काठ फुटतो. मेमध्ये अचानक पूर आला आणि फळ्या तशाच राहिल्या तर गाळाने बंधारा भरतो. हवामान खात्याचा अंदाज आता मोबाइलवर येतो. फळी काढणाऱ्याला तो वाचून निर्णय घेण्याची मुभा द्यायला काय लागते? म्हादईच्या पात्रालगत पुरण शेती, म्हणजे पाणी ओसरल्यावर नदीकाठी करायची शेती, करणाऱ्यांचे तर सगळे वर्ष नदी कधी उतरते यावर ठरते.

आता वरच्या अंगाला चला. घाटाच्या खांद्यावर आणि मधल्या टेकड्यांवर जांभ्याचे सडे आहेत. उन्हाळ्यात ते ओसाड दिसतात, म्हणून सरकारी नकाशात कधी पडीक ठरतात, कधी प्रकल्पाला योग्य जागा. पण पावसाळ्यात सड्याच्या भेगांतून आणि भोकांतून पाणी खाली उतरते, जांभ्याखाली चिकण मातीचा थर लागला की तिथे अडते आणि उतारावर बाहेर फुटते. तीच आमची झर. सड्यावर चिऱ्यांची खाण पडली, डोंगर कापून प्लॉट पडले, यंत्राने जमीन सपाट झाली, की दोन-चार वर्षांनी खालच्या झरीला कळते. तोवर खाणवाला पुढच्या सड्यावर गेलेला असतो. आणि एक विनंती वन महोत्सवाच्या उत्साही मंडळींना: सड्यावर खड्डे खणून झाडे लावायची हौस आवरा. सड्याला त्याचे गवत आणि त्याची पावसाळी फुले पुरेशी आहेत.

सड्याच्या खाली उतारावर काय आहे? बऱ्याच ठिकाणी काजू, काही ठिकाणी जुन्या लागवडीतला अकेशिया. काजूने सत्तरी-सांग्याच्या घरांत रोख पैसा आणला, त्याला नावे ठेवणारा मी नव्हे. काजूच्या हंगामावर माझ्याही घरात वर्षाचा वाणसामान आला आहे. पण काजूच्या बागेत बोंडे सापडावीत म्हणून जमीन झाडून लख्ख ठेवतात, कुठे पालापाचोळा पेटवतात. मार्च २०२३ च्या आगींनंतर शेतकऱ्यांनी रान पेटवले असा आरोप झाला आणि शेतकऱ्यांनी तो झटकला. माझ्या मते आगी लावणारे थोडे आणि आगी पसरू देणारी परिस्थिती मोठी. रान एवढे सुकलेले होते की ठिणगी कुणाची हा प्रश्न दुय्यम. झरीच्या दृष्टीने मात्र निकाल एकच: वरचा पाला जळाला, माती उघडी पडली आणि पहिल्या मोठ्या सरीने ती व्हाळात आणून टाकली. जळालेल्या उतारावरचे पाणी मुरत नाही, धावते.

याच्या उलट उदाहरण बघायचे तर सत्तरीतल्या देवराया बघा. बांबर-नानोडे इथली निरंकाराची राई म्हणजे रानजायफळांची दलदल आहे. झाडांची मुळे चिखलातून गुडघे वर काढून श्वास घेतात आणि पायाखाली ऐन उन्हाळ्यात ओल असते. कुणा खात्याने तिथे योजना राबवली नव्हती. देवाच्या धाकाने माणसांनी कुऱ्हाड लावली नाही, एवढेच. आता देवाचा धाक कमी झाला आहे हे उघड आहे, तेव्हा त्या जागी कायद्याचा, निदान ग्रामसभेचा तरी धाक हवा.

कायदा आहेही. वनहक्क कायदा २००६ च्या पाचव्या कलमात ग्रामसभेला आणि हक्कधारकांना पाणलोट क्षेत्र, पाण्याचे स्रोत आणि संवेदनशील जागा राखण्याचा अधिकार दिला आहे. गोव्यात या कायद्याची चर्चा फक्त घराखालच्या आणि कसलेल्या जमिनीच्या दाव्यांपुरती चालते, आणि ते दावेही वर्षानुवर्षे रखडतात. पाचवे कलम कुणी उघडूनच बघत नाही. सत्तरीतल्या एखाद्या ग्रामसभेने ठराव केला की आमच्या झरीच्या वरचे रान आम्ही राखणार, आग लागू नये म्हणून जाळरेषा आम्ही काढणार, पाटाच्या मुखाशी साचलेला गाळ आम्ही उपसणार, तर वन खात्याने त्यांच्याबरोबर बसावे. आज होते काय, तर पाटाचे मूळ राखीव रानात असते आणि दरड येऊन ते बुजले तरी फावडे घेऊन वर जायला माणूस कचरतो. आमच्या पाटाच्या बाबतीत परवानगी मागायला आम्ही एका कार्यालयात गेलो, त्यांनी दुसरीकडे पाठवले, दुसऱ्यांनी लेखी अर्ज घेऊन ठेवला. पुढचा पावसाळा आला आणि पाट आणखी दहा पावले बुजला. अर्ज अजून तिथेच असावा.

हे सगळे नवीन किंवा अशक्य आहे असे नाही. सिक्कीमने २००८ मध्ये ‘धारा विकास’ सुरू केले. तिथे झरा म्हणजे धारा. त्यांनी आधी धारा मोजल्या, कुठल्या धारेचे पाणी कुठल्या टेकडीतून येते ते भूगर्भ बघून ठरवले आणि रोजगार हमीच्या मजुरीवर वरच्या टेकड्यांवर चर खणले, तेही वनजमिनीवर, वन खात्याला बरोबर घेऊन. काही आटलेल्या धारा आणि तळी पुन्हा वाहू लागली. केंद्राने आता सातव्या लघुसिंचन गणनेबरोबर देशातल्या झऱ्यांची पहिली गणना जोडली आहे. गोव्यात ती गणना टेबलावर बसून होऊ नये, एवढीच भीती आहे. आमच्या झरी उपग्रहाला दिसत नाहीत. त्या पोफळीच्या सावलीत आणि दगडाच्या सापटीत असतात, आणि त्या दाखवायला गावचा म्हाताराच लागतो.

पण सिक्कीमची नक्कल जशीच्या तशी नको. इथे मला सावध करायचे आहे, कारण उत्साहाच्या भरात उद्या प्रत्येक उतारावर यंत्राने चर पडतील. घाटाच्या तीव्र उतारावर माती खोल आणि सैल आहे. तिथे चरांत पाणी साठवून जमीन भिजवत ठेवली तर मोठ्या पावसात अख्खा उतार खाली येऊ शकतो. जुलै २०२१ मध्ये सत्तरीच्या डोंगरांवर आपण दरडी पाहिल्या आणि ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये काय झाले ते साऱ्या देशाने पाहिले. तेव्हा सड्याच्या कडेला आणि सौम्य उतारावर पाणी मुरवायचे, तीव्र उतार झाडझाडोऱ्याने झाकलेला ठेवायचा आणि व्हाळाच्या वरच्या टप्प्यात दगडांचे छोटे बांध घालायचे. कुठे काय हे ठरवायला भूगर्भशास्त्रज्ञाने प्रत्येक झरीवर एकदा तरी चालत गेले पाहिजे. गाडी जिथवर जाते तिथवर जाऊन अहवाल लिहू नये.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा वादही इथे येतो. जुलै २०२४ च्या मसुद्यात गोव्याचे १,४६१ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. कुठले गाव आत, कुठले बाहेर, यावर राजकारण तापते. आमच्या भागातल्या शेतकऱ्याला त्या यादीची भीती वाटते, कारण गाव यादीत गेले तर घराला कौल घालायलाही परवानगी लागेल असे त्याला कुणीतरी सांगितलेले असते. मसुद्यात खाण आणि मोठ्या बांधकामांवर बंधने आहेत, शेतीवर नाहीत, हे त्याच्याच भाषेत बसून कुणी समजावत नाही. मला विचाराल तर यादीत असणे आमच्या झरींच्या हिताचे आहे. पण शेतकऱ्याला ते आदेशाने पटणार नाही. त्याच्या वरच्या सड्यावरची चिऱ्यांची खाण खरोखर बंद पडलेली दिसली, तर एका दिवसात पटेल.

कागदपत्रांचा तिढा थोडक्यात सांगतो, तुम्हांला तो माहीत आहेच. सत्तरीत मोकासो, आल्वारा, वनजमीन असे जमिनीचे इतके प्रकार आहेत, की तीन पिढ्या कुळागर करणाऱ्याच्या नावावर एक-चौदाचा उतारा नसतो. उतारा नाही म्हणून कृषी कार्ड अडते, कार्ड नाही म्हणून अनुदान नाही, आणि वादळात पोफळी मोडल्या तर शेतकरी आधार निधीच्या रांगेतही तो मागे. हवामानाचा मार मात्र उतारा बघून पडत नाही. जमिनीचा वाद मिटायला अजून दोन पिढ्या लागतील. तोवर कसणाऱ्याला ग्रामसभेच्या दाखल्यावर पाण्याच्या आणि नुकसानीच्या योजना मिळाल्या पाहिजेत. मालकी हक्क त्याने सिद्ध होणार नाही, असे दाखल्यावरच छापा, म्हणजे महसूलवाल्यांचीही झोप उडणार नाही.

पावसात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगाबद्दल लिहिल्याशिवाय पोफळीवाल्याचे पत्र पुरे होत नाही. बोर्डो मिश्रणाची पहिली फवारणी पावसाच्या तोंडावर आणि दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, हे वेळापत्रक सगळ्यांना पाठ आहे. पण २०२५ सारखा पाऊस मेमध्येच आला तर पहिली फवारणी हुकते, आणि २०२४ सारखी उघडीपच मिळाली नाही तर दुसरी होत नाही. शेंड्यावर चढणारा माणूस तर आधीच मिळत नाही, आणि बुळबुळीत पोफळीवर भर पावसात त्याला चढवणे हे पापच. जुन्या गोव्याच्या भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या केंद्राने भात आणि काजूच्या चांगल्या जाती दिल्या. आता लांबलेल्या पावसात टिकणारी पोफळ, जमिनीवरून चालवता येणारी फवारणी आणि उघडिपीचा तालुकावार इशारा, यांवर त्यांनी जोर द्यावा. इशारा ‘उत्तर गोवा’ असा नको. म्हापशाला ऊन असते तेव्हा वाळपईला धो धो कोसळत असतो.

काणकोणातल्या खोल्याच्या उतारावर मिरची पावसाच्याच पाण्यावर होते आणि तिला २०२० मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे उतारावर कमी पाण्याची, जास्त मोलाची पिके ठेवण्याची अक्कल आमच्याकडे आहे. कुमेरी, म्हणजे रान जाळून करायची फिरती शेती, बंद झाली ते ठीक, पण तिच्याबरोबर नाचणी, वरी, कुळीथही गेले. उताराला आडवे बांध घालून, रान न जाळता ती पिके परत आणायची असतील तर त्यांना आधारभूत दर द्या. गवे आणि रानडुकरांपासून राखण कशी करायची हाही प्रश्न तिथेच येईल, पण तो या पत्रात घेतला तर पत्र संपणार नाही.

मागणे थोडे आहे. प्रत्येक डोंगरी तालुक्यात तिन्ही खात्यांचे मिळून एक टेबल असावे आणि झरीसंबंधीचा अर्ज तिथेच निकाली निघावा. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर दुरुस्तीची परवानगी मिळाली असे धरावे. झरींची गणना ग्रामसभांना बरोबर घेऊन, चालत जाऊन व्हावी आणि प्रत्येक झरीचे पाणी डिसेंबर, फेब्रुवारी आणि एप्रिलअखेर असे तीनदा मोजले जावे. मोजणीला बादली आणि मोबाइलमधले घड्याळ पुरते. गावच्या शाळेतली पोरे ती करू शकतील. सिंचनावर खर्च होणाऱ्या पैशातला ठरावीक हिस्सा झरीच्या वरच्या क्षेत्रावर खर्च करणे बंधनकारक व्हावे. सड्यावरच्या कुठल्याही परवान्याआधी त्याखालच्या झरींवर कोण अवलंबून आहे, याची पाहणी व्हावी.

आणि पाहणीला यायचे असेल तर हिरवळ असताना येऊ नका. जुलैत आमच्याकडे सगळेच झकास दिसते, धबधब्याखाली फोटोही चांगले येतात. १५ एप्रिल ते १५ मे या दिवसांत या, सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. तिन्ही खात्यांचा एकेक माणूस असू द्या, आणि तो जागेवर सही करण्याचा अधिकार असलेला असू द्या. बादली आम्ही देऊ.

आपला,
सत्तरीच्या डोंगरउतारावरचा एक बागायतदार